अकरा मिनिटं पुढं

मोहदरीच्या लोकांना जमिनीचा आवाज नवा नव्हता. औंढ्याकडच्या डोंगरउतारावरचं हे गाव. भरल्या पोटी म्हातारा बैल हुंकारावा तसा खालून एक आवाज यायचा, मांडणीवरची ताटं एकमेकांना लागायची, गोठ्यातली जनावरं कान टवकारायची आणि पुन्हा सगळं शांत व्हायचं. मग बायामाणसं दारात येऊन शेजारच्या दाराला विचारायची, "आला का वो तुमच्याकडं?" जणू पाहुणाच. पलीकडून उत्तर यायचं, "आला बाई, चहा न घेता गेला." कुणी म्हणायचं सिद्धेश्वरच्या धरणाचं पाणी खाली मुरून राहिलं, कुणी म्हणायचं डोंगराच्या पोटात पोकळी हाय. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांना ते ठाऊक करून घ्यायचं होतं, त्यांनी मागच्या मार्चमध्ये गावात एक यंत्र आणून बसवलं.

यंत्र बसलं शाळेच्या मागच्या खोलीत, जिथं आधी खिचडीच्या तांदळाची पोती असायची. फरशी फोडून खालच्या खडकापर्यंत खणलं, तिथून सिमेंटचा ओटा वर आणला आणि त्यावर डब्याएवढं ते यंत्र ठेवलं. छपरावर सौरपट्टी, कोपऱ्यात बॅटरी. खोलीची किल्ली आली उकंडराव गुरुजींकडं. किल्लीबरोबर एक लांब हिरवी नोंदवही आली. तारीख, वेळ, आवाज की धक्का, किती सेकंद, काय हललं, असे पाच रकाने तिच्यात आखलेले होते.

"यंत्र जमिनीचं ऐकतं," बसवायला आलेला माणूस म्हणाला होता. "पण माणसाला काय जाणवलं ते यंत्राला कळत नाही. ते तुम्ही लिहा. फक्त वेळ मोबाईलवरची लिहा, सर."

"वेळेचं आमाला सांगू नका," गुरुजी हसून म्हणाले होते. "शाळा चालवतो मी."

उकंडराव गुरुजी मुख्याध्यापक होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. सातवीपर्यंतची शाळा, हाताखाली दोन शिक्षक, आणि तीस वर्षांत गावातलं असं घर राहिलं नव्हतं जिथल्या कुणाचं तरी बोट धरून त्यांनी पाटीवर अक्षर गिरवून घेतलं नव्हतं. यंत्र आल्यावर त्यांना लहान पोरासारखा हुरूप आला. वर्गातला लांब बाक त्यांनी मधोमध ओढला, एका टोकाला एकेका लेकराला कान लावायला सांगितला आणि दुसऱ्या टोकाला बोटानं टिचकी मारली.

"टिचकी इथं मारली, ऐकू तिकडं आली. मधून काय गेलं?"

"हादरा गेला सर, लाकडातून."

"त्याला जायला वेळ लागला का?"

मग सातवीतली समरीन हळूच म्हणाली, "लागलाच असंल सर. आपल्याला मोजता आला न्हाई, एवढंच."

गुरुजींना तो दिवस गोड झाला. फळ्यावर त्यांनी तीन गावं काढली, तीन यंत्रं काढली आणि सांगितलं, की जमिनीतला हादरा तिन्हीकडं वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि त्या फरकावरून तो निघाला कुठून हे शोधता येतं. "वेळ चुकली की ठिकाण चुकलं," असं म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला.

आता शाळेच्या घड्याळाची गोष्ट सांगायला हवी. मोहदरीची पोरं सकाळी शेळ्या सोडून, पाणी भरून, मग शाळेत यायची. दहाच्या प्रार्थनेला निम्मी पोरं वाटेवर असायची. ओरडून झालं, उन्हात उभं करून झालं, काही उपयोग झाला नाही. मग गुरुजींनी जूनमध्ये भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढं केलं. पोरं घंटेवर येतात, घंटा घड्याळावर वाजते, आणि घड्याळ आपल्या हातात आहे. पाच मिनिटांनी फरक पडला. पुढं पोरं त्यालाही सरावली, तेव्हा गणपतीच्या सुमारास आठ केली. नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत कधीतरी अकरा. भिंतीवर एक वेळ आणि मनगटावर दुसरी असली की गोंधळ होतो, म्हणून हातातलं घड्याळही ते तसंच लावायचे. औंढ्याची एसटी पकडायची असली की मनात वजा करायचे. नोंदवहीत लिहिताना वजा करावं हे मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. धक्का आला की मनगट बघायचे आणि सुवाच्य अक्षरात वेळ लिहायचे.

ऑगस्टमध्ये त्यांनी सहावी-सातवीच्या पोरांना उपक्रम दिला. प्रत्येकानं आपली वेगळी वही घालायची, धक्का जाणवला की नोंद करायची, दिवाळीनंतर वह्या दाखवायच्या. ज्याची वही चांगली, तो डिसेंबरात तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार.

दिवाळीनंतर वह्या आल्या. बहुतेकांनी दोन-चार नोंदी करून पुढं फुलं काढली होती. भीमराजची वही मात्र देखणी होती. सतरा नोंदी, आणि सगळ्या नोंदवहीशी मिनिटाला मिनिट जुळणाऱ्या. मग समरीनची वही उघडली. तिच्यात एकोणीस नोंदी होत्या. सतरा नोंदवहीतल्याच, पण वेळ एकीचीही जुळत नव्हती. ऑगस्टातल्या पाच मिनिटं मागं, सप्टेंबरातल्या आठ मिनिटं मागं, शेवटच्या अकरा. वर दोन नोंदी अशा, की ज्या नोंदवहीत नव्हत्याच.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांत त्यांनी नकला करणारी पोरं पुष्कळ पाहिली होती. त्यांना वाटलं, सगळं लख्ख दिसतंय. नोंदवही टेबलावर पडलेली असते, पोरीनं तिथून उतरवलं, पकडलं जाऊ नये म्हणून वेळा थोड्या बदलल्या, भीड चेपली तशा जास्त बदलल्या, आणि शेवटी धीट होऊन दोन मनानं घातल्या. हुशार पोरगी, म्हणून राग जास्त आला.

त्यांनी तिला वर्गापुढं उभं केलं.

"ही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नोंद कुठून आणली? सकाळी सात बेचाळीस. मी तर काहीच ऐकलं न्हाई."

"आला होता सर. बांगड्यांची पेटी वाजली."

"त्या सकाळी मी गाडीवर हिंगोलीहून येत होतो. धक्का आला असता तर रस्त्यात कुणी बोललं असतं. आणि या बाकीच्या वेळा? सगळ्या गावाला एका वेळी धक्का येतो, आन् तुला आधी येतो व्हय?"

वर्गात खसखस पिकली.

"मी घरच्या घड्याळात पाहून लिहिलं, सर."

"मंग तुमच्या घरचं घड्याळ दुसऱ्या गावचं असंल," गुरुजी म्हणाले.

सगळा वर्ग हसला. हसू येईल असंच ते म्हणाले होते. समरीन हसली नाही, रडलीही नाही. वही परत घ्यायला तिनं दोन्ही हात पुढं केले. गुरुजींनी तांबड्या शाईनं पानावर आडवं लिहिलं, 'नक्कल करून वेळा बदलल्या. खोटे.' खाली लिहिलं, 'पालकांची सही आणावी.'

समरीनचा बाप अबूबकर गाद्या भरायच्या कामाला परभणीला असायचा. सही केली आजोबांनी, गुलाम नबींनी. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, तेव्हा तांबडी ओळ समरीननंच त्यांना वाचून दाखवली असणार. हे गुरुजींना तेव्हा सुचलं नाही. पानाखाली उर्दूत एक सही आली, बस. गुलाम नबी मशिदीत बांग द्यायचे. लिंबाखालच्या पारावर रोज गुरुजींना भेटायचे, 'काय गुरुजी, आज जमीन काय बोलली?' असं विचारायचे. त्यानंतर ते नुसता सलाम करायला लागले. गुरुजींना वाटलं, म्हाताऱ्याला पोरीची लाज वाटत असंल.

वर्गात 'दुसऱ्या गावचं घड्याळ' हे समरीनचं नावच पडलं. ती खिडकीजवळची जागा सोडून मागच्या भिंतीला जाऊन बसली. तालुक्याला भीमराज गेला आणि प्रमाणपत्र घेऊन आला.

जानेवारीच्या मधल्या आठवड्यात एक जीप शाळेसमोर थांबली. तिच्यातून राजनंदिनी मॅडम उतरल्या. तिशीच्या असतील. पायात बूट, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. ज्या विद्यापीठानं यंत्र बसवलं होतं तिथल्या त्या संशोधक. गुरुजींनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"सर, एक अडचण झालीय," मॅडम म्हणाल्या. "आपलं यंत्र वीस सप्टेंबरपासून दोन नोव्हेंबरपर्यंत बंद होतं. उंदरांनी वायर कुरतडली होती. आमचा माणूस कार्ड घ्यायला आला तेव्हा कळलं. आणि नेमके त्याच दिवसांत इथं धक्के वाढले होते म्हणतात."

"व्हय, वाढले होते. माझ्याकडं सगळे लिहिलेले हायेत," गुरुजी उत्साहानं म्हणाले आणि हिरवी वही पुढं केली.

"म्हणूनच आले. वीस किलोमीटरवर आमचं दुसरं यंत्र आहे. त्यात या दिवसांच्या बारीक बारीक रेघा शेकड्यांनी आहेत. कुठली ट्रकची, कुठली खडी केंद्राच्या सुरुंगाची, कुठली तुमच्या डोंगरातल्या धक्क्याची, काही कळत नाही. तुमच्या वहीतली वेळ मिळाली की बरोबर तीच रेघ उचलता येईल. आवाज कुठून येतो हे कळायला फार मदत होईल, सर. लोक विचारतात, घरं सोडू की राहू. आम्हालाही काहीतरी नक्की सांगायचंय."

त्यांनी लॅपटॉप उघडला. "आधी यंत्र चालू होतं तेव्हाच्या नोंदी ताडून बघते, म्हणजे वही किती पक्की ते कळेल."

चहा आला, निवला. मॅडमचं बोट वहीवरून पडद्याकडं, पडद्यावरून वहीकडं जात राहिलं. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सर, एकही वेळ जुळत नाही. जुलैची पाच मिनिटं पुढं. सप्टेंबरची आठ. नोव्हेंबरची अकरा. यंत्राची वेळ उपग्रहावरून येते, ती चुकत नाही. या वेळा तुम्ही कशावरून लिहिल्या?"

पाच. आठ. अकरा. गुरुजींनी हे आकडे आधी एकदा पाहिले होते, एका लेकराच्या वहीत. त्यांची नजर आपोआप मनगटावर गेली आणि विस्तव दिसावा तशी तिथून निघाली. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. नोंदवही चुकली हे कळलं, का चुकली हे कळलं, आणि समरीन वर्गापुढं दोन्ही हात पुढं करून उभी होती ते दिसलं.

आणि त्यांच्या तोंडून निघालं ते हे, "लोकांनी सांगितलेल्या वेळा हायेत, मॅडम. खेड्यातली माणसं. कुणी अंदाजानं सांगतं, कुणी कसं."

आपलाच आवाज त्यांना परका वाटला. त्यांनी बाही ओढून मनगट झाकलं.

"असू द्या, असं होतं," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. त्या समजुतीनं गुरुजींना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग ही वही बाजूला ठेवावी लागेल. बरं, मुलांना भेटू का जरा? मुलं कधीकधी मोठ्यांपेक्षा नीट लिहून ठेवतात."

नाही कसं म्हणणार? गुरुजी त्यांना सातवीच्या वर्गात घेऊन गेले. 

मॅडमनं गोड आवाजात विचारलं, "धक्क्यांच्या नोंदी कुणी कुणी ठेवल्यात?"

सगळ्यांनी भीमराजकडं पाहिलं. भीमराज उठला आणि आपल्या बुटांकडं बघत राहिला. तालुक्याला प्रमाणपत्र घेताना एवढा लाजला नव्हता.

"तुझी वही बघू?"

"मॅडम, ती... ती सरांच्या नोंदवहीतून उतरवली होती," तो म्हणाला. "मला रातच्याला जागच येत न्हाई. मी लिवणार कसं?"

पोरं फिदीफिदी हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "समरीननं बी लिवली होती मॅडम, पण ती नक्कल निघाली!"

"दुसऱ्या गावचं घड्याळ!" आणखी एकजण म्हणाला.

मॅडमनं मागच्या भिंतीकडं पाहिलं. "समरीन कोण?"

समरीन उठून उभी राहिली. गुरुजी दाराजवळ होते. आता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. मुख्याध्यापक, तीस वर्षं, दीड वर्ष उरलंय, ही बाहेरची मॅडम काय म्हणेल, असलं सगळं शब्दांच्या वाटेत उभं होतं. भांडंभर पाणी प्यायला लागेल एवढाच वेळ गेला असेल. तेवढ्यात समरीनच बोलली.

"माझ्या वेळा चुकल्या होत्या, मॅडम. आमच्या घरचं घड्याळ बराबर न्हाई."

वर्ग हसला नाही. गुरुजींना वाटलं, आपल्याला कुणी चारचौघांत उघडं केलं असतं तरी इतकं वाटलं नसतं. त्या लेकरानं खोटं बोलून दाखवलं होतं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, आणि ते त्यांनीच शिकवलेलं होतं.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई मॅडम. तिचं घड्याळ बराबर हाय. माझं चुकीचं हाय."

ते वर्गाच्या मधे आले. मनगटावरचं घड्याळ त्यांनी काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"शाळेचं घड्याळ मी पुढं करून ठेवलं. तुमी वेळेवर यावं म्हणून. आधी पाच, मंग आठ, आता अकरा मिनिटं. हातातलं बी तसंच लावलं, आन् नोंदवहीत तेच लिहीत गेलो. मघा मॅडमनं विचारलं तर लोकांवर ढकललं. लोकांनी काही चुकीचं सांगितलं न्हाई. समरीननं नक्कल केली न्हाई. तिनं जे पाहिलं ते लिहिलं, आन् मी त्याच्यावर खोटं म्हणून लिहिलं."

मग मागचा एक पोरगा, अय्याज, हिशेब करून म्हणाला, "म्हंजी सर, आमी रोज अकरा मिनिटं लवकर येऊन राहिलो व्हय?" एरवी वर्ग फुटला असता. आज एकजण फक्कन हसला आणि स्वतःच गप्प झाला.

मॅडमनं गुरुजींकडं पाहिलं नाही. त्याबद्दल गुरुजी मनात त्यांचे उपकार मानत राहिले. मॅडमनं लॅपटॉप बाकावर ठेवला. "सर, तिच्या वहीतली एखादी नोंद आठवते?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. सकाळी सात बेचाळीस." ती नोंद ते विसरणं शक्य नव्हतं. तिच्याभोवती त्यांनी गोल काढला होता.

मॅडमनं पडदा सरकवला. सरळ जाणाऱ्या रेघेत एका जागी बारीक थरथर होती. "सात बेचाळीस," त्या हळूच म्हणाल्या. "चालत्या गाडीवरच्या माणसाला कळणार नाही इतका लहान." मग त्या समरीनजवळ गेल्या. "तुझी वही मला बघायला मिळेल? यंत्र बंद होतं ते दिवस फक्त तुझ्याकडं आहेत."

"वही न्हाई, मॅडम."

"घरी असेल."

"न्हाई. दादीला दिली."

जुम्म्याचा दिवस नव्हता, तरी गुलाम नबी मशिदीच्या ओट्यावर बसले होते. शेजारीच त्यांचं घर. गुरुजी, मॅडम आणि समरीन आलेले पाहून ते उठले. घरात भिंतीवर मोठं घड्याळ होतं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांच्या ठोक्यावर ते लावून घ्यायचे. बांगेची वेळ मिनिटानं चुकली तर रमजानात अख्ख्या मोहल्ल्याचा रोजा चुकतो, हे गाव जाणत होतं. गुरुजीही जाणत होते. तीस वर्षं जाणत होते. त्या दिवशी वर्गात मात्र त्यांना ते आठवलं नव्हतं, आणि आठवून घ्यावंसं वाटलं नव्हतं.

समरीनची आजी खतीजाबी आतून आल्या. त्या हट्टा गावच्या बाजारात बांगड्यांचं दुकान मांडायच्या.

"वो वही?" त्या म्हणाल्या. "पोरगी बोली, दादी, ह्याचे कागद फाड, बांगड्यांच्या पुड्या बांध. मी बोली, आगं, लिवलेली वही हाय. ती बोली, खोटी हाय, फाड. मंग मी फाडली. दोन बाजारांत खपली बी. आता त्या बायांनी बांगड्या भरल्या आन् कागद फेकला असंल. काहून? काही कामाची होती का?"

मॅडम घड्याळाखाली उभ्या राहून बाहेर बघत होत्या.

गुरुजींनी हात जोडले. "गुलामभाई, माझं चुकलं. तुमच्या पोरीला मी नाही नाही ते बोललो. मला माफ करा."

"बसा गुरुजी," गुलाम नबी शांतपणे म्हणाले. "माफी मला काहून मागून राहिले? मला कोण खोटं म्हणलं?"

गुरुजी समरीनकडं वळले. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. लेकरासमोर हात कसे जोडायचे हे त्यांना कधी कुणी शिकवलं नव्हतं. तरी जोडले. समरीन बावरली, आजीच्या मागं सरकली.

मग मॅडमनं विचारलं, "समरीन, तुला काही आठवतं का? सरांच्या वहीत त्या दिवसांतल्या सहा नोंदी आहेत."

"सात होत्या," समरीन म्हणाली. "दसऱ्याच्या दिवशीचा सकाळचा आठवतो. कोजागिरीच्या आदल्या दिवशी दोन आले, एक मोठा, एक बारीक. दिवाळीच्या सुट्टीत एक दुपारी."

"वेळ?"

समरीननं बराच वेळ विचार केला. तिचे ओठ हलत होते. आजोबा तिच्याकडं बघत होते, आजी बघत होती.

"सांग बाळा," गुरुजी न राहवून म्हणाले. "अंदाजानं सांगितलं तरी चालंल."

"दसऱ्याचा सव्वानऊच्या पुढं होता," ती म्हणाली. "मिनिट न्हाई आठवत. मिनिट न आठवता कशी सांगू? मॅडम दुसरीच रेघ उचलतील."

ती हे गुरुजींना टोमणा म्हणून बोलली नव्हती. तेच त्यांना सोसवलं नाही. ते ओट्यावर येऊन उभे राहिले.

मॅडम निघताना म्हणाल्या, "मी ते दिवस कोरे सोडते, सर. चुकीपेक्षा कोरं बरं. तुमच्या नोंदी दुरुस्त करता येतील का तेही बघितलं, पण आठाची अकरा मिनिटं कुठल्या दिवशी केली, ते सांगता येईल?"

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत कधीतरी. दिवस लिहून ठेवला न्हाई."

जीप गेल्यावर त्यांनी कचेरीत बसून हिरव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'जून ते जानेवारी या काळातल्या सर्व वेळा चुकीच्या आहेत. शाळेचे घड्याळ मी पुढे ठेवले होते. कोणाही ग्रामस्थाची चूक नाही.' सही केली. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून मोबाईलवर बघून लावलं.

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट पसरली होती. पारावर सटवाजी पाटलांनी हाक मारली, "काय वो गुरुजी, म्हंजी आमचं नातरू वर्षभर फुकट पळत शाळेत गेलं म्हणा की!" बाकीचे हसले. गुरुजीही हसायला गेले, पण चेहरा ऐकेना. गुलाम नबी तिथंच बसले होते. त्यांनी सलाम केला. गुरुजींनी केला. कुणी जमिनीचं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर गुरुजींनी सगळ्या शाळेला थांबवलं आणि वर्गात सांगितलेलं पुन्हा सांगितलं, पहिलीच्या पोरांनाही कळेल अशा शब्दांत. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी तुमी समरीनला हसलात. तुमचा दोष न्हाई. तुमाला मी हसवलं. आजपासून ते नाव कुणाच्या तोंडात येता कामा नये." मग सातवीच्या वर्गात जाऊन त्यांनी समरीनला हिरवी नोंदवही दाखवली. "इथून पुढं तू लिहिशील का? घरच्या घड्याळात बघून."

समरीननं वहीकडं पाहिलं. हात पुढं केला नाही.

"न्हाई, सर," ती म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात. भूक नसताना ताट नको म्हणावं, तसं ती म्हणाली.

"बरं," गुरुजी म्हणाले. आणखी काही समजावावं असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. आयुष्यभर त्यांनी लेकरांना समजावलंच होतं. ते त्यांनी गिळलं, नोंदवही काखेत घेतली आणि हजेरीपट उघडला.

"फरहीन."

"हजर सर."

"भीमराज."

"हजर सर."

"समरीन."

"हजर," मागच्या भिंतीकडून आवाज आला. नुसतं हजर. ती खाली पुस्तकात बघत होती. गुरुजींचं पेन त्या नावावर थांबलं. वर्ग वाट बघत राहिला. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं.